बाहेरून चांगलं दिसतंय

धाकलू पाटलाचं कार्ड होळीच्या आदल्या दिवशी आलं. श्रीपतने ते वाचलं, दुमडू नये म्हणून एका जाड पुस्तकात ठेवलं आणि त्याचं उत्तर दिलं नाही.

आलेल्या पत्राचं उत्तर टाळणं हा काही त्याचा स्वभाव नव्हता. रेल्वेच्या गोदामात उभी हयात कारकुनी केली, पण कुणाचं चिटोरंसुद्धा त्याने तसंच ठेवलं नव्हतं. लोणावळ्याच्या साहेबापासून गोणी हरवलेल्या हमालापर्यंत सगळ्यांना 'आपले पत्र पोचले' असं कळवणारा माणूस. हे कार्ड मात्र तसंच राहिलं. सकाळचा चहा झाला की तो पुस्तक उघडायचा, कार्ड जागेवर आहे एवढं बघायचा आणि पुस्तक मिटायचा. सगळा जन्म पुस्तकं उघडण्यात गेला. मिटण्यातही एवढी गोडी असते हे त्याला नोकरी सुटल्यावर, साठीला टेकल्यावर कळत होतं.

कार्ड आणणारा कमळ्या पोस्टमन त्या दिवशी दारातच हसत उभा राहिला होता.

"काका, पाटलांचं कार्ड हाय. पलीकडच्या ओटीवरनं भिरकावलं असतं तरी तुमच्या अंगणात पडलं असतं. पन नाय, आदी कर्जतला जाऊन शिक्का खाऊन आलं."

"अक्षर तुझंच दिसतंय."

"माजंच. पाटलांना आता दिसतंय कुठं? त्यांनी सांगितलं, मी लिवलं. पेटीत मीच टाकलं, मीच काढलं, मीच आनलं. वाचून पन मीच दाखवू का?"

"नको," श्रीपत म्हणाला.

कार्डावर लिहिलं होतं: 'रा. रा. श्रीपतराव यांस धाकलू पाटील यांचा नमस्कार. घरदुरुस्तीच्या ग्रँटसाठी तालुक्याचे साहेब येणार आहेत. आपण लगतचे शेजारी. आपली साक्ष लागते असे समजते. तरी त्या दिवशी यावे. येणार की नाही ते कळवावे.'

श्रीपतराव! ज्या तोंडाने त्याला लहानपणी 'ए शिरप्या' आणि नोकरी लागल्यावर मोठ्या मेहेरबानीने 'शिरपत' म्हटलं, त्या तोंडाला 'राव' सुचायला छप्पर खाली यावं लागलं.

उंबराची आळी दहिवलीच्या कडेला, नदीकडे उतरत जाणारी. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंतींची जुनी घरं, आणि त्यांची छपरं मधोमध अशी बसलेली की म्हाताऱ्या म्हशीची पाठ वाटावी. तरणी माणसं खोपोलीच्या, कुंभिवलीच्या, अंबरनाथच्या कारखान्यांना गेली आणि तिकडेच खोल्या घेऊन राहिली. आळीत उरले ते म्हातारे आणि त्यांची घरं. आळीचं शेवटचं घर धाकलू पाटलाचं. बरीचशी जमीन कुळांकडे गेली, उरलेली मुलांनी विकून वाटून घेतली, आणि घर तेवढं आईबापांच्या नावाने ठेवलं. त्याच्या अलीकडचं घर दादरला गेलेल्या कुणाचं तरी होतं. ते केव्हाच बसलं आणि त्याच्या चुलीच्या जागी आता एरंड उगवला होता. पलीकडे एक ओहळ, ओहळावर एक फरशी, आणि फरशी ओलांडली की बौद्धवाडी. वाडीतलं पहिलं घर श्रीपतचं.

म्हणजे कागदावर धाकलू पाटलाला लगतचा शेजारी असा एकच उरला होता.

त्या वर्षी तालुक्याने ठरवलं होतं की जुन्या गावठाणातल्या आणि वाडीतल्या कमी मिळकतीच्या घरांना दुरुस्तीसाठी कौलं, वासे आणि रिपा द्यायच्या. लोक त्याला नुसतं 'ग्रँट' म्हणत. पूर्वी कुणा साहेबांनी धडधाकट घरांवर कौलं चढवली होती म्हणे, म्हणून अट अशी घातली होती की लगतच्या शेजाऱ्याने घर बघून साहेबासमोर तोंडी साक्ष द्यायची. साहेबाने डोळ्यांनी पाहिलं तरी शेजाऱ्याच्या साक्षीवाचून कौल नाही. वाडीत याची काही अडचण नव्हती. तिथे सगळ्यांनी सगळ्यांची घरं आतून पाहिलेली होती.

अडचण होती ती ओहळापलीकडे. आणि ती आजची नव्हती.

अशीच मदत पूर्वी एकदा आली होती. धम्मदीक्षेला तेव्हा पाच वर्षं झाली होती. श्रीपत लोणावळ्याला रेल्वेच्या खोलीत राहायचा आणि त्याची आई, ठकूबाई, या घरात एकटी. वैशाखात वाडीत बुद्धजयंती व्हायची होती, मुंबईहून पाहुणे यायचे होते. म्हणून ठकूबाईने समोरची भिंत पांढऱ्या मातीने सारवून घेतली आणि छपराच्या रस्त्याकडच्या पाख्यावर मातीचे नवे नळे चढवले. मागच्या पाख्याला नळे पुरले नाहीत. तिथे भर दुपारी उभं राहिलं तर घरभर कवडसे पडायचे, कोंबडीची पिल्लं त्यांना दाणे समजून टोचायची.

साहेब जीपमधून आला. घाईत होता. लगतचा शेजारी कोण, म्हणून त्याने विचारलं. धाकलू पाटील तेव्हा भरात होता, पंचायतीत होता. वाडीने मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, दवंडी द्यायची सोडली, याचा राग त्याच्या नाकावर होता. तो फरशी ओलांडून अंगणापर्यंत आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा प्रश्नच नव्हता. वाडीतल्या घरात पाटलाने पाऊल टाकलंय असं कुणी ऐकलेलं नव्हतं. कमरेवर हात ठेवून त्याने सारवलेली भिंत पाहिली, रस्त्याकडचं पाखं पाहिलं, आणि म्हणाला,

"बाहेरून चांगलं दिसतंय, सायेब. चांगल्या घराला कशाला मदत?"

साहेबाने मान डोलावली. जीप गेली.

श्रावणात मागची भिंत भिजून भिजून बसली. ठकूबाई जात्यापाशी होती. भिंतीने तिला कमरेतून मोडलं. श्रीपतने तिला लोणावळ्याला नेलं, खाटेवर ठेवलं, आणि पुढचा श्रावण यायच्या आत ती गेली. त्या वर्षभरात ती त्याला तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायची. पाटील कुठे उभा होता, काठी कुठल्या हातात होती. रडायची नाही. एवढंच म्हणायची, "उंबरा वलांडला असता तर त्याला वर बगायची पन गरज नव्हती रं. खाली बगितलं असतं तरी दिसलं असतं."

तो आकसाने बोलला की विटाळाच्या भीतीने, हे कोडं श्रीपतने नंतर कितीदा तरी सोडवायचा प्रयत्न केला. कधी वाटे आकस. कधी वाटे, नाही, त्याला खरंच चांगलं दिसलं, आणि आत बघावं हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. दुसरं खरं असेल तर त्याला जास्त राग यायचा.

नोकरी संपल्यावर तो याच घरात परत आला. भिंत विटांची बांधली, मंगलोरी कौलं घातली, पेटाऱ्यांतली पुस्तकं फळीवर लावली. बायको आधीच गेली होती, मुलगी लोधिवलीला दिलेली. ओहळापलीकडे धाकलू ओटीवर बसलेला दिसायचा, आणि त्याच्या मागच्या पाख्यावर दरवर्षी थोडी जास्त गोणपाटं दिसायची. श्रीपत पुस्तकातून डोकं वर काढून ती गोणपाटं बघायचा आणि पुन्हा वाचायला लागायचा. कुणाचं वाईट चिंतू नये हे त्याने इतक्या ठिकाणी वाचलं होतं की त्याला ते पाठ होतं. तरी तो बघायचा.

आणि आता हे कार्ड.

"जानार हायेस का?" भीमाबाईने विचारलं. ही त्याच्या मामाची मुलगी, त्याच्याहून मोठी, बिनानवऱ्याची, शेजारच्याच घरात राहणारी. तिच्या जिभेला आळीत आणि वाडीत दोन्हीकडे मान होता.

"जाणार."

"जाऊन काय बोलशील?"

श्रीपतने सांगितलं. पाटलाचं तेव्हाचं वाक्य, ठकूबाई सांगायची तसं, शब्दन् शब्द तेच.

भीमाबाईने डोळे बारीक केले. मग टाळी वाजवली. "पन तू बोलशील होय रं? चार मान्सांत तुजं तोंड कदी उगडलंय? मागल्या साली सोसायटीत तुला आभार मानायला सांगितलं तर तू खुर्चीचे आभार मानलेस."

"खुर्ची देणाऱ्यांचे."

"आमाला खुर्चीच ऐकू आली."

ती म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं. श्रीपतला स्वतःचा भरवसा नव्हता. त्याच्या मनात सगळं स्पष्ट असायचं, पण ते तोंडापर्यंत येता येता मवाळ व्हायचं, आणि बाहेर पडायचं ते 'हो हो, तसंही चालेल' होऊन. आयुष्यात एकदाच बोलायचं होतं, आणि नेमक्या त्या वेळी आपण सवयीने 'गळतं हो साहेब, फार गळतं' म्हणून बसू, अशी त्याला धास्ती वाटू लागली. तो घरातल्या घरात वाक्य म्हणून बघू लागला. आरशासमोर म्हणताना लाज वाटली, म्हणून मागच्या खोलीत, जिथे जातं होतं त्या जागी उभं राहून म्हणू लागला.

साहेब चैत्राच्या शेवटी आला. तरणा होता, मोटारसायकलवर आला आणि आल्या आल्या पाणी मागून प्यायला. आधी वाडी घेतली. भीमाबाईच्या घराची साक्ष श्रीपतचीच होती. तो आत गेला, जमिनीवरचे कवडसे दाखवले, काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यांदा बोला, काका."

तो पुन्हा पुटपुटला. भीमाबाईने कपाळाला हात लावला. "लिवा वो, सायेब. गळतंय म्हनतोय. आतल्या आत म्हनतोय."

लोक हसले. श्रीपतचे कान तापले. फरशी ओलांडताना त्याला पुढच्या वाक्यातला पहिला शब्दसुद्धा आठवेना.

पाटलाच्या अंगणात आळी गोळा झाली होती. अंगण शेणाने सारवलेलं, तुळशीला गेरू. समोरची भिंत चुन्याने पांढरीशुभ्र, कारण महिन्यापूर्वीच नातीला बघायला पाहुणे येऊन गेले होते. आळीला दिसेल ते पाखंही नीट कौलारलेलं, एक कौल वाकडं नाही. गोणपाटं होती ती सगळी मागे. श्रीपत ते बघत राहिला. त्याच्या आईने पाहुण्यांसाठी जे केलं होतं तेच पाटलाने पाहुण्यांसाठी केलं होतं. हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला दया येईल असं वाटलं. पण आला तो राग, आणि तो गेल्या कैक वर्षांतल्या रागांपेक्षा ताजा होता.

धाकलू ओटीवर खुर्चीत बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, हात काठीवर. साहेब आत जाऊन आला तो केसांना कोळिष्टकं घेऊनच.

"मागचं सगळं गेलंय हो," तो म्हणाला. "वासे हाताने भुगा होतात. काका, तुम्ही एकदा आत बघून घ्या, म्हणजे लिहून टाकतो."

गौराबाई, धाकलूची बायको, पदर सावरत दारात आली. "ये ना, शिरपत. आत ये. च्या ठेवलाय."

आळीतल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. हे शब्द त्या दारातून कधी निघाले नव्हते.

श्रीपत हलला नाही. "मी इथूनच बघतो."

"इथून काय दिसणार?" साहेब म्हणाला.

"दिसायचं तेवढं दिसतं."

त्याने कमरेवर हात ठेवले. त्याला तसं उभं राहायची सवय नव्हती; हात कुठे ठेवायचे ते क्षणभर सापडेना. मग त्याने भिंत पाहिली, पाखं पाहिलं, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि तोंड उघडलं.

"बाहेरून चांगलं दिसतंय, साहेब. चांगल्या घराला कशाला मदत?"

आवाज खणखणीत आला. त्याचं त्यालाच नवल वाटलं. तो ओहळापलीकडे भीमाबाईलाही ऐकू गेला असणार, कारण तिकडून खाकरल्याचा आवाज आला.

"अहो पण आत..."

"मी आत जात नाही. इथली रीत तशी आहे. पाटलांना विचारा."

साहेब वळला. त्याचा सूर बदलला. "काय हो पाटील? यांनी घरात आलेलं तुम्हाला चालत नाही की काय?"

काठीवरचे हात हलले. "चालतं की," धाकलू म्हणाला. "कोन नाय म्हनतो? चालतं."

"मला चालत नाही," श्रीपत म्हणाला.

आत चहा उतू जात होता, त्याचा वास येत होता, आणि गौराबाई दारातून हलत नव्हती. साहेबाने श्रीपतकडे पाहिलं, पाटलाकडे पाहिलं, आणि इथे आपल्या जन्माआधीचं काही चाललंय एवढं त्याला समजलं असावं. त्याने लेखणी खिशाला लावली.

"महिनाअखेरीपर्यंत मी यादी बंद करत नाही," तो श्रीपतला म्हणाला. "घर आतून बघावंसं वाटलं तर निरोप धाडा. मी परत येईन. पाऊस लागल्यावर मात्र काही होणार नाही."

त्या दुपारी भीमाबाईने सुक्या बोंबलाचं कालवण केलं आणि तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. "आज ठकूआत्याच्या पोटात घास गेला आसंल," ती म्हणाली. वाडीतली माणसं येऊन ऐकून जात होती. भीमाबाई सांगायची, कमरेवर हात ठेवून दाखवायची, आणि प्रत्येक वेळी श्रीपत थोडा जास्त उंच व्हायचा. तो जेवला, चांगला जेवला. खोटं कशाला सांगा, त्याला फार बरं वाटलं. कुणाचं वाईट चिंतू नये असं सांगणारी सगळी पुस्तकं फळीवर होती, आणि त्यांच्याकडे पाठ करून तो निवांत झोपला.

खटकू लागलं ते दोन दिवसांनी.

तो प्रसंग मनाशी पुन्हा पुन्हा घोळवत होता, आणि घोळवताना दर वेळी धाकलूच्या तोंडाशी येऊन थबकत होता. वाक्य उच्चारलं तेव्हा पाटलाचं तोंड कसं झालं? त्याला हवं होतं की ते तोंड उतरावं, ओळख पटावी, ओठ हलावेत. पण तसं काही झालेलं त्याला आठवेना. साहेबाच्या प्रश्नाला हात हलले होते. वाक्याला नव्हते. म्हातारा नुसता बसून होता, बाजाराचा भाव ऐकावा तसा.

त्याला आठवलं तरी असेल का?

या विचाराने श्रीपत बसल्या जागी गार पडला. जे वाक्य त्याने जन्मभर जपलं, आईच्या शेवटच्या वर्षात रोज ऐकलं, ते बोलणाऱ्याच्या लेखी अंगणात थुंकून टाकलेल्या पानाइतकंच असेल तर? मग हा सूड कुणावर घेतला? की आपलंच काही चुकतंय? आपण पुस्तकी माणूस, आपण प्रत्येक गोष्टीत पहिलं पान आणि शेवटचं पान जुळवतो. पाटलाला एवढंच दिसलं असेल की एक कारकून साहेबासमोर माजला.

खात्री गौराबाईनेच करून दिली. पाण्याला जाताना ती ओहळाच्या काठाशी थांबली, घागर खाली ठेवली आणि तिथूनच ओरडली. आळीतल्या ओट्यांवर माणसं होती, वाडीच्या अंगणांत माणसं होती.

"काय वैर हाय रं तुजं आमच्याशी, शिरपत? काय केलंय आमी तुजं? ह्यांनी कदी तुज्या वाटेला काडी आडवी टाकली? दोन म्हातारी मान्सं, त्यांच्या डोक्यावरचं कौल खातोस? सांग की! आता मिठाची गुळणी धरलीस होय?"

श्रीपत पुस्तक हातात घेऊन ओसरीवर उभा होता. ती लबाडी करत नव्हती. तिचा आवाज फाटला होता, डोळ्यांत पाणी होतं. तिला खरोखर माहीत नव्हतं. माहीत असतं तर असं चारचौघांत विचारायला ती धजली नसती.

त्याने पुस्तक मिटलं. गौराबाईने घागर उचलली. "गप उबा हाय बगा," ती आळीला म्हणाली. "सांगायला आसंल काय तर सांगंल."

"मी सांगू का तिला?" भीमाबाई पदर खोचून पुढे झाली. "आसं सांगते की पुन्हा..."

"नको, भीमाक्का. मी सांगतो."

"तू? कवा?"

"त्यांच्या कार्डाचं उत्तर राहिलंय," श्रीपत म्हणाला.

तो आत आला. त्याच्याकडे एक निळं आंतर्देशीय पत्र होतं आणि काही कोरी कार्डं होती. आधी त्याने आंतर्देशीय घेतलं. मायना लिहिण्याआधीच थांबला. ते बंद करता येतं. चिकटवलं की आतलं आत राहतं. कमळ्या ते ओटीच्या कोपऱ्यात धाकलूच्या कानाशी हळू वाचेल, म्हातारा ऐकेल, आणि चुलीत घालायला सांगेल. कार्डाचं तसं नसतं. कार्ड उघडं येतं, आणि ते वाचायची आळीत रीतच होती: कमळ्या ओटीवर टेकायचा, पाणी प्यायचा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला भजनात म्हणावं तशा आवाजात वाचून दाखवायचा. शेजारपाजारचे हातातलं काम टाकून येत. कार्ड म्हणजे घरचंच समजायचं सगळ्यांनी.

हे नीच आहे का, असं त्याने स्वतःला विचारलं. नातीची सोयरीक ठरायची आहे. म्हातारा आंधळा आहे. एका आंधळ्याला त्याच्याच ओटीवर, त्याच्याच माणसांत... त्याने आंतर्देशीय पुन्हा जवळ ओढलं. मग गौराबाईचा आवाज आठवला. काय केलंय आमी तुजं? तिने सगळ्या आळीसमोर विचारलं होतं. उत्तरही तितक्याच लोकांना ऐकू जायला हवं.

त्याने कार्ड घेतलं.

दोन कार्डं वाया गेली. पहिलं फार लांबलं. दुसऱ्यात दोनदा 'कृपया' आलं. तिसऱ्यावर त्याने गोदामातल्या जुन्या बारीक अक्षरात लिहिलं:

'धाकलू पाटील यांस श्रीपतचा जयभीम. आपले कार्ड पोचले. उत्तरास उशीर झाला. साहेबांसमोर मी जे बोललो ते वाक्य माझे नाही, आपले आहे. एकसष्ट साली माझ्या आईच्या अंगणात उभे राहून आपण ते बोललात. उंबऱ्याच्या आत आला असता तर जमिनीवरचे कवडसे दिसले असते. त्या श्रावणात मागची भिंत पडली व ठकूबाई तिच्याखाली सापडली. ती परत उठली नाही. काय केले म्हणून आपल्या घरातून विचारणा झाली, ते हे केले. आठवत नसेल तर आता आठवावे. साहेब पुन्हा यायला तयार आहेत. त्याआधी आपण दिवसाउजेडी ओहळ ओलांडून माझ्या घरात यावे, मागल्या खोलीत जात्याच्या जागी बसावे, आणि आळीतल्या व वाडीतल्या माणसांदेखत म्हणावे की ठकूबाईचे घर गळत होते, मी न बघता बोललो. मग मी आपल्या घरात येईन आणि जे दिसेल ते सांगेन. न आलात तर आपले छप्पर बाहेरून चांगले आहे.'

शेवटच्या ओळीला जागा कमी पडली म्हणून ती कडेने वळवून लिहावी लागली. त्याने ते भीमाबाईला वाचून दाखवलं. तिने कार्ड हातात घेऊन कडेने वळलेल्या ओळीवरून बोट फिरवलं.

"यील का रं तो?" ती म्हणाली.

"माहीत नाही."

"नाय आला तर?"

"तर नाही आला."

"आनि आला तर तू खरं सांगशील? गळतंय म्हनून?"

"आला तर सांगेन. आत जाऊन, वर बघून सांगेन. चहापण घेईन." तो थांबला. "पण त्याने आधी बसायला हवं. तिथं."

कार्ड तो कमळ्याच्या हातात देऊ शकला असता. पण पाटलाचं कार्ड शिक्का खाऊन आलं होतं, तर याचंही तसंच जायला हवं होतं. छत्री घेऊन तो पुलावरून कर्जतला चालत गेला. स्टेशनाबाहेरच्या लाल पेटीपाशी उभं राहून त्याने पत्ता पुन्हा वाचला. त्याच्या घरून ओरडलं तर ऐकू जाईल असा पत्ता. हात पेटीच्या तोंडाशी नेला आणि तिथे तो जरा रेंगाळला, जसा तो सगळीकडेच रेंगाळायचा. मग कार्ड सोडलं.

मागे सायकलची घंटी वाजली. कमळ्या पेटी उघडायला आला होता, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन.

"काका, तुमी? आनि एवढ्या लांब?" त्याने पेटी उघडली, पत्रं पिशवीत ओढली, आणि वर आलेलं कार्ड बघून थांबला. "पाटलांना? उत्तर लिवलंत म्हना! म्हंजे पुन्हा मीच नेनार, मीच वाचनार."

"तूच वाच," श्रीपत म्हणाला. "मोठ्यांदा वाच. त्यांना कमी ऐकू येतं."

"पाटलांना? दिसत नाय त्यांना. ऐकू तर चांगलं येतं."

"तरी मोठ्यांदा वाच."